लिंबाएवढं पोट

इस्पितळात मला 'खिचडीवाल्या मॅडम' म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. वॉर्डबॉय दारातून ओरडायचा, "खिचडीवाल्या मॅडम, कोपऱ्यातल्या खाटेवरचे काका तुमच्या नावाने शंख करतायत, मीठ नाही म्हणून." माझ्या खोलीवर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी होती. ती नीट वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, "इथे जेवणाची कुपनं मिळतात का?" पहिली दोन वर्षं मी चिडायचे. मग कँटीन कुठल्या मजल्यावर आहे ते शांतपणे सांगायला शिकले.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अंधेरीतलं मध्यम आकाराचं ट्रस्टचं इस्पितळ. तेव्हा 'डाएट' हा शब्द लोकांना ऐकून माहीत होता, पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावलेला. कोणाला वाटायचं, डाएट म्हणजे बिनमिठाचं. कोणाला वाटायचं, जेवण झाल्यावर वर एक सफरचंद खायचं. एका व्यापाऱ्याने मला छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मॅडम, मी रोज डाएट घेतो." कसं घेता, विचारलं, तर म्हणाले, "दुधातून."

तर त्या काळात आमच्याकडे डॉ. वर्तक नावाचे सर्जन परदेशात शिकून आले आणि त्यांनी अतिलठ्ठ माणसांचं पोट शिवायला सुरुवात केली. आज हे ऑपरेशन जाहिरातीत दिसतं. तेव्हा डॉक्टरमंडळीसुद्धा भुवया उंचवायची. बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगायचं तर, ऑफिसात कागदांना पिना मारतात तशा बारीक पिनांची रांग जठराला मारायची. वरच्या टोकाला लिंबाएवढा कप्पा तयार होतो. त्याला खाली एक अरुंद वाट ठेवायची. जेवण आधी त्या कप्प्यात पडतं, तो भरला की माणसाला वाटतं पोट भरलं, आणि मग ते अन्न त्या वाटेने हळूहळू खाली झिरपतं. बाकीचं जठर जागच्या जागी असतं, पण त्याला भरून घ्यायची संधी मिळत नाही.

डॉक्टरांचं काम एका सकाळीत संपायचं. माझं तिथून सुरू व्हायचं आणि संपायचं नाव घ्यायचं नाही. आधी नुसतं पातळ, मग बाळाला भरवतो तसं घोटलेलं, मग मऊ, मग हळूहळू घरातलं. घास सुपारीएवढा घ्यायचा. तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, आणि छातीत दाटलं की ताट बाजूला करायचं, मग त्यात काहीही उरलेलं असो. ही शेवटची अट आमच्या लोकांच्या अंगावर काटा आणायची. ताटात टाकायचं नाही हे ज्याच्या पाठीत धपाटे घालून शिकवलंय, त्याला मी सांगत होते की टाका.

चुका व्हायच्या त्यासुद्धा आमच्याच. बोरिवलीचे एक हेडक्लार्क चतुर्थीच्या दुपारी छातीवर हात दाबत आले. लाळ गिळता येईना. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं तर त्या अरुंद वाटेत साबुदाण्याचा गोळा बसलेला. नंतर मी विचारलं, "काय खाल्लं होतंत?" ते म्हणाले, "काही नाही हो, उपास होता." त्यांची बायको गळ्याला चिमटा घेऊन म्हणाली, "देवाशपथ मॅडम, सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात. नुसती खिचडी." दोघंही खरं बोलत होते.

परबमावशी या ऑपरेशनवाल्यांतल्या मला सगळ्यांत जास्त छळणाऱ्या. कुंदा परब. जोगेश्वरीला गुंफेच्या अलीकडे एका गल्लीत त्यांची खानावळ होती. पुढची खोली खानावळ, मागची दोन घर. आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक दुपारी तिथे जेवायला बसायचे, काहींना डबे जायचे. बांगड्याचं तिखलं आणि सुक्या जवळ्याची चटणी यासाठी लोक लांबून यायचे म्हणे. नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर बाईने एकटीने हे उभं केलं. मुलगा ट्रॉम्बेला नोकरीला, सकाळी जायचा तो संध्याकाळी. सून रेखा घरात, चौथ्या-पाचव्या महिन्याची गरोदर.

पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या वजनकाट्याचा काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकला. मग मी त्यांना खाली कोठीघरात नेलं, तिथे धान्याची पोती मोजायचा मोठा काटा होता. मला ओशाळल्यासारखं झालं होतं, माणसाला पोत्यांमध्ये उभं करायचं म्हणजे. परबमावशी काट्यावर निवांत उभ्या राहिल्या, शेजारच्या पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ तळहातावर पसरले आणि मला म्हणाल्या, "हो तांदूळ पेशंटांका घालतात? कणी बघ किती आसा. दुकानदार फसवता तुमका." माझे वडीलही कोकणातलेच, गिरणीतलेच. त्यामुळे मला मालवणी कळते, बोलता मात्र तोडकीमोडकीच येते. मी म्हटलं, "मावशी, आधी वजन बघू, मग तांदूळ."

मजेचा भाग एवढाच. बाकी प्रकृतीची वाट लागली होती. साखर आटोक्याबाहेर, गुडघे गेलेले, आडवं झालं की श्वास कोंडायचा म्हणून बाई बसून झोपायच्या. हे असंच चाललं तर हृदय फार दिवस ओढणार नाही, असं आमच्या फिजिशियननी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशनला तयार का झालात, असं मी सगळ्यांना विचारायचे. त्या म्हणाल्या, "नातवंड कडेवर घेवचा आसा. मांडीवर जागाच नाय माझ्या, पोटच येता पुढे."

ऑपरेशन झकास झालं. पहिले महिने तर काय, दर खेपेला वजन उतरलेलं. साखर खाली आली. एकदा खोलीत शिरल्या शिरल्या मला म्हणाल्या, "गो बाय, पाठ टेकून झोपलंय काल!" आणि अशा हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. नात झाली, ती कडेवर बसली. एकच तक्रार होती, गिऱ्हाइकांची. दर दोन दिवसांनी कोणीतरी आवाज खाली आणून विचारायचं, "मावशी, काय झालं? शुगर? की ते दुसरं?" खानावळवाली वाळायला लागली म्हणजे स्वयंपाकात काहीतरी गडबड असणार, असं म्हणून दोन जुने मेंबर दुसरीकडे जायला लागले. मावशींनी त्यांच्या नावाने ज्या शिव्या घातल्या त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

मग त्या यायच्या बंद झाल्या. आमच्याकडे हे नेहमीचं होतं. सुरुवातीला लोक उड्या मारत येतात, कारण काटा रोज खाली जातो आणि जो तो कौतुक करतो. वर्षभराने काटा रेंगाळतो, कौतुक संपतं, आणि उरतो तो रोजचा चावून चावून खायचा कंटाळा. तेव्हा माणसाला खरी सोबत लागते आणि नेमका तेव्हाच तो दिसेनासा होतो.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. डॉ. वर्तकांच्या ओपीडीतून आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ मला बोलावणं आलं. आत परबमावशी उभ्या. चेहरा परत सुजल्यासारखा भरलेला.

"उसवून द्या," त्या डॉक्टरांना सांगत होत्या.

"मिसेस परब, ही काय चोळी आहे उसवायला?"

"तुम्हीच घातलात ना टाके? मग तुम्हीच काढा."

डॉक्टर तापट होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं. पुन्हा पोट उघडणं पहिल्यासारखं सोपं नसतं, आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, साखर पुन्हा चढलीय, हृदयाचं माहीतच आहे. "टेबलावरून उठाल याची मी खात्री देणार नाही," ते म्हणाले.

"नाही उठले तर नाही उठले. उठले तर चार दिवस माणसासारखी जेवेन तरी."

"मी करणार नाही."

"नका करू. दुसऱ्या नर्सिंग होममध्ये विचारलंय मी. दिवाळी झाली की करतो म्हणालाय तो डॉक्टर."

वर्तकांनी माझ्याकडे बघितलं. "समजवा यांना. दिवाळीपर्यंत वेळ आहे तुम्हाला." म्हणजे झालं, बाईचा जीव माझ्या टेबलावर आणून ठेवला.

खोलीत आल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसभरात काय खाता? आमच्या धंद्यात हे उत्तर कधीच खरं नसतं. काय खाल्लं विचारलं की पेशंट काय खायला हवं होतं ते सांगतो. मावशींनी माझाच तक्ता मला पाठ म्हणून दाखवला. सकाळी एवढंसं हे, मग एवढंसं ते.

"मग वजन काय हवा खाऊन वाढलं?"

"वाढता माझा. काय करू?"

या ऑपरेशनला एक पळवाट असते. घट्ट अन्न त्या अरुंद वाटेवर थांबतं, पातळ मात्र सुळकन खाली जातं. दिवसभर गोड पातळ पीत राहिलं तर पोट भरल्याचं कधी कळतच नाही आणि सगळं अंगाला लागतं. म्हणून मी सरळ विचारलं, "दूध आटवता, की नारळाचा रस काढता?"

त्या दचकल्या. "कोणी सांगितल्यान तुका?"

"तुमच्या शुगरने."

नारळाचं घट्ट दूध, त्यात गूळ, वर वेलची. स्टीलचा उंच पेला भरून जवळ ठेवायचा आणि दिवसभर घोट घोट. मी पाऊण तास भाषण दिलं. डोळे, मूत्रपिंड, पाय, सगळं काढलं. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "तू सांगतंस ता सगळा बरोबर. पण माका जेवचा आसा गो. पिवचा नाय." आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

मी त्यानंतरच्या शुक्रवारी जोगेश्वरीला गेले. पेशंटच्या घरी जाणं माझ्या कामात बसत नव्हतं. वर्तक म्हणायचे, "तुम्ही काय वसुलीवाल्या आहात का?" पण माणसाच्या चुलीपुढे दोन तास बसलं की त्याच्या महिन्याभराच्या बाता उघड्या पडतात, हा माझा अनुभव होता.

मुद्दाम उशिरा दुपारी पोचले. गिऱ्हाइकं जेवून गेली होती, डबे रवाना झाले होते. मावशींनी मला बघून तोंड वाकडं केलं, पण खुर्ची पुसून दिली. मदतीला दोन बायका होत्या. त्या मोकळ्या झाल्या, त्यांनी ताटं वाढून घेतली, आणि एकमेकींकडे बघून गपचूप मागे मोरीपाशी गेल्या. तिथे भिंतीकडे तोंड करून जेवायला बसल्या. रेखाने बाळाचा भात वाटीत घेतला, बाळाला काखेत मारलं, आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी लावली. मी कडीचा आवाज ऐकला. मावशी खानावळीच्या दाराशी स्टुलावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. हातात पेला.

घरात दोन ठिकाणी दोन जेवणं चालली होती आणि जिच्या नावावर हे घर जेवत होतं ती बाहेर बसली होती. मी मोरीपाशी गेले. त्यातल्या एकीला विचारलं, "इथे का हो बसलात?"

"पूर्वी पुढेच बसायचो, सगळ्या गोल करून. मावशी मधोमध. वाढायच्या, शिव्या घालायच्या, तिसरा बांगडा ताटात फेकायच्या." तिने हातातला घास परत ताटात ठेवला. "आता त्यांच्यासमोर कसं बसायचं, मॅडम? त्यांना जात नाही."

"त्यांनीच सांगितलं इथे बसायला?"

"नाही, रेखावहिनी म्हणाल्या."

मग मी आतलं दार वाजवलं. रेखाने आधी फट करून बघितलं, मग मला आत घेतलं आणि कडी परत लावली. बाळ जमिनीवर बसून वाटी वाजवत होतं. पोरगी मोठी गोड. रेखा साताऱ्याकडची, लग्न होऊन जोगेश्वरीत आलेली, बोलायला साधी. मी तिला विचारलं आणि तिने लगेच सांगितलं, जणू कोणीतरी विचारायची वाटच बघत होती.

"उष्टावणाच्या दिवशी आई समोर बसल्या होत्या. मनूने पहिला घास घेतला आणि संध्याकाळपासून उलट्या. आठ दिवसांत परत तसंच. मी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या. मॅडम, मिरच्या जळून कोळसा झाल्या तरी कोणाला ठसका लागला नाही. म्हणजे नजर होतीच ना?"

"आईंची?"

तिचे डोळे भरले. "त्यांच्या मनात वाईट नाही हो. माझ्या माहेरी नाही केलं कोणी एवढं त्यांनी केलंय माझं. पण त्यांना जेवता येत नाही ना. आपण घास घेतला की बघत राहतात, तोंडात जाईपर्यंत बघतात. मोठ्यांचं सोडा, तान्ह्या जिवाला लागतंच. मी काय करू?"

माझी होम सायन्सची पदवी जिभेवर आली होती, ती मी गिळली. बाळाला उलट्या कशाने होतात ते मला माहीत होतं, भात नीट घोटलेला नव्हता. तेवढं सांगितलं. पण नजर वगैरे खोटं आहे असं म्हणायला माझं तोंड उघडेना. आमच्या चाळीत जेवताना दाराशी कोणी उपाशी आलं की आई ताटावर पदर धरायची आणि त्याला वाढून झाल्याशिवाय आम्हाला घास उचलू द्यायची नाही. हे मी प्रयोगशाळेत शिकलेलं नाही, पण विसरलेलंही नाही.

परत निघाले तेव्हा मावशी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. पहिल्यापेक्षा बऱ्या चालत होत्या. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "कडी लावली तरी फटीतून दिसता गो. नखभर मीठ घेऊन ओवाळता ती पोराक. मी बाजूक बसले की त्याच दिवशी ओवाळता."

"तुम्ही बोलला नाहीत तिला?"

"काय बोलू? माका राग नाय इलो. लाज वाटली. माझ्याच नातीक माझी नजर." थोडं चालून त्या थांबल्या. "म्हणून सांगतंय, उसवून टाकूया. परत सगळ्यांबरोबर बसतलंय, भरपूर जेवतलंय. जेवणाऱ्या माणसाची नजर कोणाक लागता?"

आत्तापर्यंत मला वाटत होतं की बाईला खाण्याचा मोह आवरत नाही. असे पेशंट मला पाठ होते, त्यांच्यासाठी माझ्याकडे तक्ते होते. यासाठी माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना मुद्दाम माझ्या जेवणाच्या वेळेला बोलावलं. त्या आल्या, मी टेबलावर डबा उघडला. त्या ताडकन उठल्या. "तू जेव, मी बाहेर बसतंय."

"बसा."

"नको गो, तुझा पोट दुखात."

"दुखलं तर इस्पितळातच आहे मी. बसा म्हटलं ना."

त्या बसल्या, पण मान वळवून खिडकीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, माझ्याकडे बघा, घास तोंडात जाईपर्यंत बघा. त्यांनी बघितलं. आधी चोरून, मग नीट, आणि मग त्यांच्यातली खानावळवाली जागी झाली. "दुधीत पाणी ओतलंस तू."

"ओतलं."

"कशाक? दुधी स्वतः पाणी सोडता. आणि मोहरी तडतडली नाय, कच्चीच आसा. शी!" त्यांनी माझ्या डब्यातून दुधीची एक फोड उचलली, चाखायला. चाखताना चावली, चावताना बोलत राहिल्या. भाजीच्या नावाने शंख करता करता तीन फोडी आणि पोळीचा एक पापुद्रा त्यांनी दळल्यासारखा बारीक करून खाल्ला. छातीत दाटलं नाही. मला माझी वाईट भाजी आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली.

मग दर मंगळवारी हा प्रकार. माझं पोट कधी दुखलं नाही, हे त्या दर खेपेला विचारून घ्यायच्या. पेला कमी झाला, बंद नाही झाला. साखर थोडी उतरली. पण माझा डबा आठवड्यातून एकदा, आणि त्यांचं घर रोज. नर्सिंग होमची तारीख त्यांनी सोडली नव्हती. विचारलं की म्हणायच्या, "बघूया."

मध्ये एकदा रेखा मनूला डोस द्यायला इस्पितळात आली आणि माझ्या दारात घुटमळली. मी तिला आत घेतलं. ऑपरेशनचं तिला ठाऊक होतं, पण त्यात सासू जाऊ शकते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती पांढरी पडली.

"रेखा, नजर लागते ती कोणाची? पोटभर जेवलेल्याची?"

"नाही. उपाशी माणसाची."

"मग उपाशी माणसाला आधी वाढायचं की त्याच्या तोंडावर कडी लावायची?"

"पण त्यांना जात नाही ना."

"मनूला जातं तेवढं त्यांना जातं. मनूचा भात तोच त्यांचा भात, मऊ, नीट घोटलेला. एक वाटी जास्त घे. घास आधी त्यांना, मग मनूला."

"असं केलं तर नाही लागत?" तिने खरोखर विचारलं.

"मला काय माहीत? नजरेत माझी पदवी नाही." ती हसली नाही. बाळाला घट्ट धरून निघून गेली.

दिवाळी आली. खानावळीत फराळाच्या ऑर्डरी होत्या, मावशी मंगळवारी आल्या नाहीत. दिवाळी संपली, त्यानंतरच्याही मंगळवारी आल्या नाहीत. मी डबा उघडायचे, दाराकडे बघायचे आणि बंद करायचे. वर्तकांनी एकदा कॉरिडॉरमध्ये विचारलं, "त्या उसवणाऱ्या बाईंचं काय झालं?" मी म्हटलं, माहीत नाही. मावशींनी विचारलेल्या नर्सिंग होमचं नावही मला ठाऊक नव्हतं. मला भीती वाटत होती, ती मी कोणाला सांगितली नाही.

आता आमचं ते खातं चकचकीत झालंय म्हणे. संगणकावर आहार ठरतो, ऑपरेशनवाल्यांचे मेळावे भरतात, बारीक झालेले लोक स्टेजवर येऊन जुनी पँट दाखवतात. चांगलंच आहे. पेशंटच्या घरी मात्र आता कोणी जात नाही, याचं मला वाईट वाटतं. परबमावशी काही पँट दाखवण्याइतक्या बारीक झाल्या नाहीत. शेवटपर्यंत जाड्याच म्हणाव्यात अशा राहिल्या, पण साखर ताब्यात राहिली, पाठ टेकून झोपत राहिल्या आणि मनू शाळेत जाऊन चांगली वाचायला लागेपर्यंत खानावळ चालवत राहिल्या. ती दुसऱ्या ऑपरेशनची तारीख त्यांनी मोडली. ती कशी मोडली, हे त्यांनीच मला येऊन सांगितलं.

मंगळवार नव्हताच. सकाळी ओपीडी भरलेली असताना रांग मोडून आत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. मी उठून दार लोटलं.

भाऊबीजेची दुपार होती म्हणे. रेखाचे भाऊ आलेले, घरात माणसं, चुलीवर दोन पातेली. मनूला सर्दी, सकाळपासून घास घेईना, रडून रडून घर डोक्यावर घेतलेलं. रेखाने तीनदा भरवून बघितलं, तीनदा वाटी उडाली. मावशी नेहमीप्रमाणे बाहेर स्टुलावर. रेखा दारात आली. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात मऊ भाताची वाटी. तिने मनूला सासूच्या मांडीवर ठेवलं.

"मी उठाक लागलंय," मावशी म्हणाल्या. "माका वाटला, पोराक धरूक दिल्यान, वाटी घेऊन आत जातली. तर म्हणता, 'आई, आधी तुम्ही घास घ्या. मग तिला.'"

"घेतलात?"

"घेतलंय. एक घास माका, एक पोराक. मी चावतंय, चावतंय, आणि ता माझ्या तोंडाकडे बघता आणि आपली बोळकी हिरडी हलवता. माझ्यासारखा चावता गो! अर्धी वाटी संपली. माझी की त्याची, देव जाणे."

"मग?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं, मी लक्ष दिलं नाही.

"मग ती आत गेली आणि मूठ बांधून इली. मीठ, मोहरी, मिरच्यो. माका कळला. म्हटलंय, झाला, आता पोराची काढतली. मी पोराक तिच्याकडे दिलंय आणि बाजूक सरकूक लागलंय, नेहमीसारखी. तर माझ्या खांद्यार हात ठेवल्यान. 'बसा आई, हलू नका,' म्हणाली. पोराक परत माझ्या मांडीर ठेवल्यान. आणि दोघांवरून ओवाळल्यान. पोरावरून आणि माझ्यावरून. माझी पण काढल्यान गो. माझी पण."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"म्हणजे माका पण कोणाची तरी नजर लागात, असा तिका वाटला."